पहिल्या तासाला खारघर शिकव

चि. सायली,


नेरुळच्या कॉलेजात मुलांना ‘कार्यक्रमाचं नियोजन’ शिकवायला मिळालं हे कळलं, फार बरं वाटलं. तू पाठवलेला आराखडाही वाचला. पहिल्या तासाला थीम, दुसऱ्याला सजावट, तिसऱ्याला सेल्फी पॉइंट. हे सगळं मुलांना तुझ्याआधीच येतं गं. इन्स्टाग्रामवर तेच तर बघत असतात.

पहिल्या तासाला खारघर शिकव. 16 एप्रिल 2023. आप्पासाहेब धर्माधिकारींना ‘महाराष्ट्र भूषण’ देण्याचा सोहळा भर दुपारी, मोकळ्या मैदानात झाला. व्यासपीठावर छप्पर होतं. समोर बसलेल्या लाखो श्रीसदस्यांच्या, म्हणजे त्यांच्या अनुयायांच्या, डोक्यावर नव्हतं. पारा 38 अंशांच्या आसपास आणि त्यात आपली दमट हवा. अशा हवेत घाम येतो पण वाळत नाही, म्हणून अंग थंड होत नाही. उष्माघाताने 14 माणसं गेली. वर्गात राजकारण येऊ देऊ नकोस, पण पुढचे प्रश्न चुकवूही नकोस. हीच वेळ सकाळी सातची असती तर? मधल्या रांगेतल्या म्हातारीला चक्कर आली, तर तिला बाहेर काढायला वाट कुठे होती? पाणी होतं की नव्हतं यापेक्षा, उठून पाण्यापर्यंत जाता येत होतं का?

मग मुलांना लहान काम दे. कोपरखैरण्याच्या एखाद्या हॉलमध्ये दीडशे माणसांचं बारसं. बजेट मागण्याआधी विचार: सगळ्यांत वयस्क पाहुणा कोण, तो कुठून येणार, जिना किती पायऱ्यांचा, लिफ्ट चालते का, बाळंतिणीला बाळ पाजायला खोली आहे का, बायकांचं स्वच्छतागृह कुठे. पोरं हसतील. हसू देत. उत्तरं मात्र हॉलवर जाऊन, बघून आणायला लाव. फोनवर मॅनेजर ‘सगळं आहे’ असंच सांगतो.

वेळ उलटी मोजायला शिकव, शेवटाकडून. रात्री दहाला लाउडस्पीकर बंद, हा देशभरचा नियम आहे. सरकार वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट देतं, तेही ठरावीक सणांना. मग गाणं साडेसातला सुरू व्हायला हवं. म्हणजे सत्कार सातला उरकायला हवेत. आणि सत्कार कधीच वेळेत उरकत नाहीत, म्हणून शाल-नारळांची यादी निम्मी करायला हवी. (हे यजमानाला सांगण्याचं धाडस हा स्वतंत्र तासाचा विषय आहे.) रविवारचा कार्यक्रम असेल, तर हार्बरचा मेगाब्लॉक पाहिल्याशिवाय पत्रिकेवर ‘वेळेवर यावे’ छापू नये. दुपारची पंगत एकला मांडली आणि गाड्या चारपर्यंत बंद, तर चेंबूरची मंडळी वाशीला पोचणार कशी?

पावसाचंही सांग. तुमच्याच नेरुळला, डी. वाय. पाटील स्टेडियमवर, 2 नोव्हेंबर 2025 ला महिला विश्वचषकाची अंतिम लढत पावसामुळे सुमारे दोन तास उशिरा सुरू झाली. नोव्हेंबरात! तिथे निदान दुसरा दिवस राखून ठेवलेला होता. साखरपुड्याला राखीव दिवस नसतो, म्हणून गच्चीवरच्या कार्यक्रमाला खाली एक राखीव खोली लागते, आणि तिचं भाडं बजेटात पहिल्या दिवसापासून धरावं लागतं.

पैशांबद्दल थोडंच. इसार दिला की कागदावर लिहून घ्यायचं: किती ताटं, जादा ताटाचा दर काय, रद्द झालं तर परत किती. केटरर ताटं मोजतो, पाहुणे नाही. एका माणसाने दोन ताटं घेतली की बिलात दोन. मोजणीला आपला एक माणूस उभा करायचा, शक्यतो नात्यातला नको, तो जेवायला बसतो.

वाशीच्या एपीएमसीत एक सकाळ मुलांना घेऊन जा, पहाटेच जा. दीडशे माणसांची भाजी डोळ्यांनी पाहिली की अंदाज बसतो. विष्णुदास भावे नाट्यगृहातही परवानगी काढून प्रेक्षकांच्या दाराऐवजी मागच्या दाराने ने; नेपथ्याचा टेम्पो कुठे लागतो, सामान कुठून चढतं ते दिसू दे.

परीक्षा लेखी ठेवू नकोस. कॉलेजचाच एखादा निरोप समारंभ त्यांच्याकडे सोपव, आणि गुण देताना वाढप्यांना, सफाईच्या बायकांना, साउंडवाल्याला कुणी जेवायला विचारलं का, तेही बघ. त्याला वीसपैकी दहा ठेवलेस तरी माझी हरकत नाही.

नवा आराखडा झाला की पाठव. लाल पेन तयार ठेवलंय.

तुझी,
मावशी