स्कॅन साफ, मग झोप का उडाली?

प्रश्न : महिन्याभरापूर्वी माझा भाऊ हिंगणघाटच्या मार्केटात कापसाच्या गाडीवरून पडला. मिनिटभर शुद्ध नव्हती. स्कॅन साफ आला. तेव्हापासून रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होतो आणि दुपारी बसल्या जागी पेंगतो. घरचे म्हणतात, मनाचे खेळ आहेत. खरंच तसं आहे का?
– एक भगिनी, समुद्रपूर तालुका

उत्तर : नाही, ताई. भावावर विश्वास ठेवा. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, मोडलेलं हाड दिसतं. हादऱ्याने ताणले गेलेले मेंदूतले बारीक तंतू दिसत नाहीत. झोप-जागेचं घड्याळ मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमध्ये असतं. डोक्याला मार बसल्यावर ते बिघडू शकतं. काही रुग्णांत रात्री झोप आणणारं मेलाटोनिन कमी किंवा उशिरा तयार होतं. त्यात डोकेदुखी आणि ‘मी बरा होईन ना?’ ही धास्ती. डोक्याला मार लागलेल्यांमध्ये झोपेची तक्रार अगदी नेहमीची आहे, आणि बहुतेकांची झोप हळूहळू सुधारते.

आपल्याकडे मात्र एक अडचण आहे. रब्बीत रात्रीची वीज आली की ओलिताला जावं लागतं आणि रानडुकरांपायी जागलही करावी लागते. धडधाकट माणसाचंही घड्याळ त्याने विस्कटतं. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, की काही आठवडे भावाची रात्रपाळी घरातल्या दुसऱ्या कुणीतरी घ्या. औषधाइतकंच हे महत्त्वाचं आहे.

रात्र कशीही गेली तरी त्याने रोज ठरल्या वेळी उठावं, सकाळी तासभर उन्हात फिरावं. दुपारी झोपायचंच तर अर्धा तास, तेही तीनच्या आत. दुपारनंतर चहा नको. दारूचा घोट झोप आणतो असं वाटतं, पण पुढची झोप मोडतो. मेडिकलमधून परस्पर झोपेची गोळी तर मुळीच आणू नका. मार लागल्यावर आठवण आणि तोल आधीच कमजोर असू शकतात, ते गोळीने आणखी बिघडतात. एवढं करूनही फरक पडला नाही, तर सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात किंवा सावंगीच्या रुग्णालयात दाखवा. निद्रानाशावर गोळ्यांशिवायची, सवयी आणि विचार बदलण्याची उपचारपद्धती आहे, तिच्याबद्दल विचारा. तो जोराने घोरत असेल, झोपेत श्वास अडकत असेल, तर तेही सांगा.

डोकेदुखी वाढत गेली, उलट्या, झटके, बोलण्यात गोंधळ, हातापायात कमजोरी किंवा उठवूनही नीट जाग न येणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका, लगेच दवाखाना गाठा. आणि दुपारचं पेंगणं थांबेपर्यंत त्याच्या हाती ट्रॅक्टर किंवा मोटरसायकल देऊ नका.