समेटाच्या बैठकीत स्त्रीचे स्थान



दोन भावांमध्ये समेट घडवून आणा, अशी आज्ञा पवित्र कुरआनने दिली आहे (सूरह अल-हुजुरात, आयत १०). मोमिन पुरुष आणि मोमिन स्त्रिया हे परस्परांचे साहाय्यक असून सत्कर्माचा आदेश देणे व दुष्कर्मापासून रोखणे हे दोघांचेही काम आहे, असा आशय सूरह अत-तौबाच्या ७१व्या आयतीत आला आहे. समेट हे जर सत्कर्म आहे, तर त्याची जबाबदारीही दोघांची ठरते. परंतु आपल्या मोहल्ल्यात, गावात किंवा घराण्यात तंटा मिटविण्यासाठी बैठक बसते तेव्हा स्त्री कोठे असते? बहुधा ती आतल्या खोलीत चहा करीत असते आणि झालेला निर्णय तिला नंतर कळविला जातो. ही रीत आपल्या दीनने दिलेली आहे काय, हे आज आपण तपासून पाहू.

हुदैबियाचा धडा

हिजरी सन ६ मध्ये प्रेषित मुहम्मद (स.) सुमारे १४०० सहाबांसह उमराहसाठी निघाले. कुरैशांनी त्यांना हुदैबिया येथे अडविले. सुहैल बिन अम्र याच्याशी वाटाघाटी होऊन दहा वर्षांचा युद्धविराम ठरला, मात्र त्या वर्षी उमराह न करता परतावे, ही अट सहाबांना (रजि.) फार जड गेली. कुर्बानी करा व डोके मुंडवा, असे प्रेषितांनी (स.) तीन वेळा सांगितले, तरी दुःखाच्या भरात कोणी उठेना. ते आपल्या तंबूत परतले आणि त्यांनी ही गोष्ट हजरत उम्मे सलमा (रजि.) यांना सांगितली. त्यांनी सल्ला दिला की, आपण बाहेर जावे, कोणाशीही न बोलता स्वतःच्या जनावराची कुर्बानी करावी आणि केस उतरवून घ्यावेत. प्रेषितांनी (स.) तसेच केले. ते पाहताच सारे सहाबा उठले.

सहीह बुखारीत आलेला हा प्रसंग नीट वाचा. तह कागदावर उतरला होता, पण माणसांच्या मनात उतरला नव्हता. त्या क्षणी सैन्य, सुरक्षा आणि तह या तिन्ही गोष्टी पणाला लागल्या होत्या. लोकांची मने ओळखणारा सल्ला एका स्त्रीने दिला आणि ज्यांच्यावर वह्य उतरत होती, त्यांनी तो स्वीकारला. स्त्रीचा सल्ला घेतल्याने पुरुषाची प्रतिष्ठा उणावते, असे मानणाऱ्याने या सुन्नतला काय उत्तर द्यावे?

आश्रय आणि करार

याच तहात, मक्केहून पळून आलेल्यांना परत करावे, असे कलम होते. पुढे हजरत उम्मे कुलसूम बिन्त उकबा (रजि.) हिजरत करून मदीनेला आल्या व त्यांचे भाऊ त्यांना परत नेण्यासाठी आले. तेव्हा श्रद्धावंत स्त्रियांना परत पाठवू नये, असा आदेश सूरह अल-मुमतहनाच्या १०व्या आयतीने दिला. एका स्त्रीच्या सुरक्षिततेचा प्रश्न उभा राहिला आणि कराराची मर्यादा स्पष्ट झाली.

मक्काविजयाच्या दिवशी हजरत उम्मे हानी (रजि.) यांनी शत्रुपक्षातील एका माणसाला आश्रय दिला होता. त्यांचे सख्खे भाऊ हजरत अली (रजि.) त्याला ठार करू इच्छित होते. प्रकरण प्रेषितांपुढे (स.) गेले आणि उम्मे हानींनी ज्याला आश्रय दिला त्याला आम्हीही दिला, असा निर्णय झाला. युद्धकाळात अभय देणे हा साधा अधिकार नव्हे. तो एका स्त्रीने वापरला आणि संपूर्ण विजयी सैन्यावर तो बंधनकारक ठरला.

सूरह अन-नम्लमधील सबाच्या राणीचा वृत्तांतही विचार करण्याजोगा आहे. सरदार आपल्या बळाची ग्वाही देत होते. राणीने मात्र विजयी राजे नगरांची काय दशा करतात याची आठवण करून दिली आणि आधी दूत पाठविले. युद्धाची किंमत कोणाला मोजावी लागते, हे तिने आधी पाहिले.

आपल्या भंडारा जिल्ह्याकडे पाहू

भंडारा हा तलावांचा व धानाचा जिल्हा. येथील तंटेही मातीतूनच उगवतात: कोठे धुऱ्याचा वाद, कोठे पांदणीचा, कोठे तलावाच्या पाण्याच्या पाळीचा. वेळीच मिटविले नाहीत तर ते कोठवर जातात, हे मोहाडी तालुक्यातील खैरलांजीने साऱ्या देशाला दाखविले. २९ सप्टेंबर २००६ रोजी तेथे एका दलित कुटुंबातील आई, मुलगी व दोन मुलगे यांची जमावाने निर्घृण हत्या केली. पार्श्वभूमीला जमिनीचा व वाटेचा वाद होता. तरीही त्याला केवळ तंटा म्हणणे हा सत्याचा अपलाप होईल. तो जातीच्या उन्मादाने केलेला अत्याचार होता. मारहाणीच्या एका प्रकरणात त्या आईने व मुलीने पोलिसांपुढे साक्ष दिली होती, हेही विसरता येत नाही. न्यायासाठी साक्ष देणारे व्हा, मग ती स्वतःविरुद्ध का असेना, असे सूरह अन-निसाची १३५वी आयत बजावते. तो जुलूम कोणावर झाला, त्यांचा धर्म कोणता, हा प्रश्न मोमिनाने विचारावयाचा नसतो.

पुढील वर्षी, १५ ऑगस्ट २००७ पासून राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली आणि कालांतराने खैरलांजीलाही तंटामुक्त गावाचा पुरस्कार मिळाला. येथे थांबून विचार करा. ज्या गावात तक्रार करणारा आवाजच उरला नाही, तेथील शांततेला समेट म्हणता येईल काय? तंटा नसणे आणि न्याय असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. सूरह अल-हुजुरातच्या ९व्या आयतीत समेटाच्या आज्ञेसोबतच न्यायाची अट आहे. ज्याला जखम झाली त्याचे ऐकल्याशिवाय न्याय होत नाही आणि बहुतेक तंट्यांत सर्वांत खोल जखम स्त्रीलाच होते.

एक शंका

स्त्रीच्या सर्वोच्च राज्यपदाविषयी विद्वानांमध्ये चर्चा आहे, हे खरे. परंतु सल्ला, साक्ष, अभय आणि समेट हे विषय वेगळे आहेत. त्यांची उदाहरणे आपण वर पाहिली. हया म्हणजे मौन नव्हे. आपल्या पतीविषयीची तक्रार घेऊन आलेल्या स्त्रीचे म्हणणे अल्लाहने ऐकले, याची ग्वाही सूरह अल-मुजादलाची पहिलीच आयत देते.

जगानेही ही गरज ओळखली आहे. शांतता-वाटाघाटींत व सुरक्षाविषयक निर्णयांत स्त्रियांचा सहभाग वाढवावा, असा १३२५ क्रमांकाचा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ३१ ऑक्टोबर २००० रोजी केला. २०१४ साली फिलिपाईन्सचे सरकार व मोरो मुस्लिमांची संघटना यांच्यात दीर्घ संघर्षानंतर करार झाला, तेव्हा सरकारच्या वाटाघाटी मंडळाच्या प्रमुख मिरियम कोरोनेल-फेरर या स्त्री होत्या.

आपण काय करावे?

राष्ट्राच्या बैठकीत बसणारी स्त्री आधी घराच्या बैठकीत घडते. म्हणून घरातील वादात मुलीचे म्हणणे तिच्याच तोंडून ऐका. सूरह अन-निसाच्या ३५व्या आयतीनुसार दोन्हीकडून हकम नेमण्यापूर्वी तर अवश्य ऐका. नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद महाराष्ट्राच्या कायद्यात आहे. त्या सभेला आपल्या माता-भगिनींना जाऊ द्या आणि तेथे त्यांनी बोलावे, असे त्यांना सांगा. पंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. निवडून आलेल्या भगिनीच्या खुर्चीवर तिच्या पतीने बसू नये, कारण ती तिची अमानत आहे. तंटामुक्ती समिती निवडली जात असताना समंजस स्त्रियांची नावे पुढे करा. आणि अत्याचाराचा गुन्हा असेल, तर गावाच्या नावासाठी तडजोडीचा आग्रह धरू नका. तेथे पीडितेच्या बाजूने उभे राहणे हीच शांततेची सेवा आहे.

अल्लाह आपणा सर्वांना न्यायावर आधारलेला समेट घडविण्याची सद्बुद्धी देवो आणि आपल्या घरांतील उम्मे सलमांचा सल्ला ऐकण्याचा विनय देवो. आमीन.