ध्रुवसमुद्रावरील बर्फ आणि त्याचे मोजमाप

ध्रुवाकडील बर्फ वितळले तर मुंबई बुडेल काय, असा प्रश्न भूगोलाच्या तासाला आम्हांस दरसाल कोणी ना कोणी विचारतो. हाच प्रश्न पालकांच्या तोंडूनही ऐकू येतो, आणि वर्तमानपत्रांतील मथळे पाहता त्यात नवल नाही. परंतु उत्तर देण्यापूर्वी ‘कोणते बर्फ?’ असा उलट प्रश्न करणे आम्हांस भाग पडते. ध्रुवप्रदेशातील बर्फ दोन जातींचे आहे, आणि त्यांची गल्लत केल्यामुळे पुष्कळ चुकीच्या समजुती रूढ झाल्या आहेत.

एक जात जमिनीवरील बर्फाची. ग्रीनलंड व अंटार्क्टिका येथे हजारो वर्षे पडलेले हिम दबून दबून त्याचे थर झाले आहेत; काही ठिकाणी त्यांची जाडी ३ किलोमीटरांहून अधिक भरते. हिमनग म्हणतात तो याच बर्फाचा तुटून समुद्रात आलेला तुकडा. हे बर्फ जमिनीवरून समुद्रात उतरले म्हणजे पाण्याची पातळी चढते, आणि मुंबईची काळजी करावयाची ती याच्यामुळे. दुसरी जात सागरी बर्फाची. समुद्राचा पृष्ठभागच थंडीने गोठून हे तयार होते. त्याची जाडी फार तर काही मीटर. प्रस्तुत लेख या दुसऱ्या बर्फाविषयी आहे.

हे बर्फ वितळल्याने समुद्र चढत नाही, हे घरबसल्या पाहता येते. काचेच्या पेल्यात बर्फाचे खडे टाकून तो पाण्याने काठोकाठ भरावा आणि बर्फ विरघळेपर्यंत धीर धरावा. एक थेंबही सांडत नाही. तरंगणारा पदार्थ आपल्या वजनाइतके पाणी बाजूस सारतो व विरघळल्यावर तेवढीच जागा व्यापतो, हा आर्किमिडीजचा नियम येथे डोळ्यांनी दिसतो. (हा प्रयोग चालू असता एका विद्यार्थ्याने मेज ओले झाल्याचे दाखवून आम्हांस खोटे पाडले होते. ते पाणी हवेतील बाष्प थंड काचेवर जमून ओघळलेले होते; पण त्याने नीट पाहिले, याचेच आम्हांस अधिक समाधान वाटले.) समुद्राचे पाणी खारे व बर्फ बरेचसे गोडे असल्यामुळे यात किंचित अंतर पडते, परंतु ते अत्यल्प होय.

मग ज्याच्या वितळण्याने समुद्र चढत नाही, त्या बर्फाच्या मोजमापासाठी विद्वान लोक ध्रुवाच्या काळोखात महिनेच्या महिने का काढतात? याचे उत्तर रंगात आहे. ताज्या हिमाने झाकलेले बर्फ त्यावर पडणाऱ्या सूर्यप्रकाशाच्या शंभर भागांपैकी ऐंशी किंवा अधिक भाग आकाशाकडे परत धाडते. उघडा समुद्र अवघे सहा-सात भाग परत करतो व बाकीचे सर्व पोटात घेतो. वैशाखात अंगणात पांढरे धोतर व काळी घोंगडी शेजारी शेजारी पसरून थोड्या वेळाने हात लावून पाहावा, म्हणजे हा भेद कळेल. बर्फ हटले की काळे पाणी उघडे पडते; ते तापते; तापलेल्या पाण्यावर शरदात बर्फ उशिरा धरते; उशिरा धरलेले बर्फ पातळ राहते व पुढील उन्हाळ्यात लवकर जाते. सावकाराच्या वहीत व्याजावर व्याज चढते, तसा हा प्रकार आहे. १९७९ पासून उत्तर ध्रुवप्रदेशाचे तापमान पृथ्वीच्या सरासरीच्या सुमारे चौपट वेगाने वाढले आहे. त्याच्या अनेक कारणांपैकी हे एक मुख्य कारण होय.

ईयोबाला परमेश्वराने जे प्रश्न केले, त्यांत बर्फाच्या जन्माचाही एक प्रश्न आहे. त्या जन्माची निदान बाह्य हकीकत आज ठाऊक झालेली आहे. गोडे पाणी शून्य अंशावर गोठते. समुद्राचे पाणी उणे १.८ अंशांच्या सुमारास. प्रथम पाण्यात सुईसारखे बारीक स्फटिक दिसू लागतात, मग पृष्ठभागावर तेलकट दिसणारी साय धरते, आणि लाटांनी हेलकावत त्या सायीच्या भाकरीसारख्या गोल चकत्या बनतात. त्या एकमेकींस चिकटून सलग तक्ता होतो. गोठताना पाणी आपल्यातील मीठ बाहेर टाकते. ते जड खारे पाणी खाली बुडते व महासागरांच्या खोल प्रवाहांना चालना देते. दोन-तीन उन्हाळे टिकलेल्या बर्फातील मीठ इतके निथळून जाते की, ते वितळवून पिता येते.

आता हे बर्फ पूर्वी किती होते व आज किती आहे, हे कशावरून समजले? या प्रश्नाचा इतिहास एका जुन्या विजारीपासून सुरू होतो. ‘जीनेट’ नावाचे अमेरिकन जहाज १८८१ च्या जून महिन्यात सैबीरियाच्या उत्तरेस बर्फात चिरडून बुडाले. तीन वर्षांनी, १८८४ मध्ये, त्याचे काही अवशेष ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर सापडले; त्यांत एका खलाशाचे नाव असलेली तेलकापडी विजारही होती. विजार काही चालत येत नाही. तेव्हा ध्रुवसमुद्रावरील बर्फ स्थिर नसून एका बाजूकडून दुसरीकडे वाहत असले पाहिजे, असे अनुमान निघाले. नॉर्वेचा तरुण प्राणिशास्त्रज्ञ फ्रिट्यॉफ नान्सेन याने त्या अनुमानावर आपला व आपल्या बारा सोबत्यांचा जीव लावला. त्याने ‘फ्राम’ नावाचे जहाज बांधून घेतले. त्याची बांधणी अशी गोल होती की, बर्फाने दाबले असता ते चिरडू नये, तर चिमटीत धरलेल्या ओल्या चिंचोक्यासारखे वर निसटावे. अनेक नामांकित ध्रुवप्रवाशांनी हा बेत आत्मघाताचा ठरविला.

१८९३ च्या सप्टेंबरात ‘फ्राम’ सैबीरियाच्या उत्तरेस बुद्धिपुरस्सर बर्फात अडकविण्यात आले व ते जवळजवळ तीन वर्षे बर्फाबरोबर वाहत राहिले. मधल्या काळात नान्सेन एका सोबत्यासह कुत्र्यांच्या गाड्या घेऊन ध्रुवाकडे चालत निघाला व ८६ अंशांपलीकडे जाऊन परतला. ती कथा मोठी रम्य आहे, परंतु आमच्या कामाची गोष्ट जहाजावर राहिलेल्यांची होय. त्यांनी नित्य तापमान घेतले, समुद्राची खोली मोजली, बर्फाच्या वाटेची नोंद ठेवली. ध्रुवसमुद्र उथळ असावा हा पूर्वीचा समज त्यांच्या दोरीने खोटा ठरला; दोरी ३,००० मीटरांखाली गेली. वाऱ्याच्या दिशेने न जाता बर्फ नेहमी थोडे उजवीकडे सरकते, हेही त्यांनी टिपले. त्याची उपपत्ती पुढे एकमान या स्वीडिश तरुणाने गणिताने लावली. १८९६ च्या ऑगस्टमध्ये जहाज स्पिट्सबर्गनजवळ मोकळ्या पाण्यात आले. योगायोग असा की, त्याच वर्षी स्वांटे अर्‍हेनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने एक निबंध प्रसिद्ध केला. हवेतील कार्बन डायॉक्साइड वायू वाढला तर पृथ्वी किती तापेल, याचे त्यात हातांनी केलेले गणित होते.

त्यानंतर १९५८ मध्ये अमेरिकेची ‘नॉटिलस’ पाणबुडी बर्फाखालून ध्रुवापर्यंत गेली. अशा पाणबुड्या ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून डोक्यावरील बर्फाची जाडी मोजीत असत. ही मोजमापे लष्करी गुपित होती. ती खुली झाल्यावर १९९९ मध्ये जुन्या व नव्या नोंदींची तुलना प्रसिद्ध झाली. १९५८ ते १९७६ या काळात उन्हाळ्याच्या अखेरीस सरासरी जाडी सुमारे ३.१ मीटर होती. १९९० नंतरच्या दशकात त्याच टापूंत ती १.८ मीटर भरली. युद्धाच्या तयारीसाठी घेतलेली मापे अशा शांततेच्या कामी आली, हे आम्हांस विशेष वाटते.

जाडी पाणबुडीने कळली. विस्तार कळला तो उपग्रहांनी. १९७८ च्या अखेरीपासून उपग्रह बर्फातून व पाण्यातून निघणारे मायक्रोवेव्ह तरंग टिपीत आले आहेत. दोहोंचे तरंग भिन्न असल्यामुळे ढग असोत वा सहा महिन्यांची रात्र असो, बर्फाची कड ओळखता येते. सप्टेंबरात बर्फ वर्षातील सर्वांत कमी असते. १९७९ च्या सप्टेंबरात ते सुमारे ७० लाख चौरस किलोमीटर होते, म्हणजे आपल्या भारत देशाच्या दुपटीहून अधिक. २०१२ च्या १७ सप्टेंबरला ते सुमारे ३४ लाख उरले, म्हणजे जवळजवळ भारताएवढेच. येथे एक गोष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. २०१२ चा तो नीचांक २०२४ पर्यंत तरी मोडला नव्हता, आणि ‘मग बर्फ वाढू लागले’ असे म्हणणारेही भेटतात. परंतु २००७ ते २०२४ ही अठराही वर्षे त्यापूर्वीच्या प्रत्येक वर्षाहून कमी बर्फाची आहेत. एका वर्षाच्या पावसावरून दुष्काळाचा निर्णय करू नये, हे शेतकऱ्यास सांगावे लागत नाही.

दक्षिणेकडे मात्र बर्फाने विद्वानांस चकविले. अंटार्क्टिकाभोवतीचे सागरी बर्फ २०१४ पर्यंत किंचित वाढतच होते, व त्याची कारणे देणारे निबंध निघत होते. २०१६ मध्ये ते एकाएकी घटले, आणि २०२३ च्या फेब्रुवारीत अवघ्या १८ लाख चौरस किलोमीटरांवर आले. उपग्रहांच्या नोंदीत इतके कमी पूर्वी कधी नव्हते. याच्या कारणांविषयी अद्याप एकमत झालेले नाही.

नान्सेनचा प्रयोग पुन्हा करून पाहावा, असे पुढच्या पिढ्यांस वाटले. २००६ च्या सप्टेंबरात ‘तारा’ हे फ्रेंच जहाज ‘फ्राम’च्या आरंभस्थानाच्या आसपास बर्फात अडकविण्यात आले. नान्सेनला जवळजवळ तीन वर्षे लागली. ‘तारा’ सुमारे ५०० दिवसांत पलीकडे निघाली, कारण पातळ बर्फ वाऱ्याने लवकर ढकलले जाते. दोन जहाजांच्या वाटा अगदी एक नव्हत्या व एका प्रवासाने सिद्धान्त होत नाही, हे खरे. परंतु बर्फाचा वेग वाढल्याचे इतर मोजमापांनीही दिसून आले आहे. पुढे २०१९ च्या ऑक्टोबरात ‘पोलारस्टर्न’ या जर्मन जहाजाने एका तक्त्यास दोर बांधले. सुमारे वीस देशांचे शास्त्रज्ञ आळीपाळीने त्यावर राहिले. काळोखात, अस्वलांवर पहारा ठेवून, त्यांनी हिम, बर्फ, हवा व पाणी यांची मापे घेतली. २०२० च्या जुलैअखेर तो तक्ता त्यांच्या देखत फुटला. ज्या सामुद्रधुनीत तो फुटला, तिला ‘फ्राम’चेच नाव आहे.

या कामात आपला देशही मागे नाही. अंटार्क्टिकाकडे पहिली भारतीय मोहीम १९८१ च्या डिसेंबरात गोव्याहूनच निघाली. वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आज दोन्ही ध्रुवांकडील मोहिमा चालविते. स्पिट्सबर्गन बेटावर, नी-ऑलेसुन येथे, २००८ पासून ‘हिमाद्री’ हे आपले ठाणे आहे, व जवळच्या खाडीत २०१४ मध्ये पाण्याचे तापमान व खारटपणा नोंदविणारे यंत्र सोडण्यात आले. सैबीरियाच्या उत्तरेकडील कारा समुद्रात उन्हाळी बर्फ कमी असण्याचा आपल्याकडील सप्टेंबरातील अतिवृष्टीशी संबंध असावा, असे या केंद्रातील संशोधकांनी २०२१ मध्ये मांडले. संबंध दिसणे व कारण सिद्ध होणे यांत अंतर आहे. तरी ध्रुवाकडील बर्फाचा आमच्या शेतातील उभ्या पिकाशी काय संबंध, असे आता सहज म्हणता येणार नाही.

शेवटी एक उदाहरण वहीत करण्यासारखे आहे. नॉट्झ व स्ट्रोव्ह या दोन शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये असे दाखविले की, हवेत सोडलेल्या एक टन कार्बन डायॉक्साइडमागे सप्टेंबरातील सुमारे ३ चौरस मीटर बर्फ नाहीसे होते. एक पलंग मांडावा एवढी ही जागा. भारतात दर माणशी वर्षाला सुमारे २ टन वायू सोडला जातो, अमेरिकेत सुमारे १४ टन. चाळीस मुलांच्या वर्गाच्या वाट्यास आपल्याकडे २४० चौरस मीटर येतात, म्हणजे खो-खोच्या अर्ध्या मैदानाहून थोडे अधिक. तिकडील तेवढ्याच मुलांच्या वाट्यास जवळजवळ चार मैदाने. आठवीच्या वर्गात हे गणित घातले असता एका मुलीने विचारले, “गुरुजी, दर वर्षी तेवढे?” होय, दर वर्षी तेवढे. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास त्या वर्षीच्या बर्फाचा आकडा जाहीर होतो. सहामाही परीक्षेच्या आधी तो भूगोलाच्या फळ्यावर लिहून ठेवावा व मागील आकडे पुसू नयेत, असे आम्ही योजिले आहे.