संकल्प झेपेल एवढाच

नवे वर्ष आले की संकल्पांचे पीक येते. यंदा चिडायचे नाही, काळजी करायची नाही, रोज तासभर ध्यानाला बसायचे. संक्रांतीचा तिळगूळ वाटून होईपर्यंत यातले किती उरते, ते ज्याचे त्याने आठवून पाहावे. मग माणूस स्वतःलाच बोल लावतो, 'माझ्यात चिकाटीच नाही.' आमच्या मते दोष बहुधा चिकाटीचा नसतो, संकल्पाच्या मापाचा असतो.

'चिडायचे नाही' हाच संकल्प घ्या. डोंबिवलीहून मुंबईला नोकरीसाठी जाणाऱ्या माणसाला सकाळी गाडीत चढण्यापासून झटापट करावी लागते, संध्याकाळी पुन्हा तेच. अशा वेळी राग येणारच नाही, हे आपल्या हातात नाही. घरात शिरल्यावर काय करायचे, हे मात्र आहे. 'चप्पल काढली की आधी हातपाय धुईन, चहा होईपर्यंत मुलांना अभ्यासाचे विचारणार नाही' हा संकल्प लहान वाटतो, पण तो पाळता येतो आणि पाळला की नाही, ते रात्री सांगताही येते. 'अमुक झाले की तमुक करीन' असे ठरवले तर ते पार पडण्याची शक्यता वाढते, असे पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगांनी दाखवले आहे.

महिलांच्या डब्यात परतीच्या प्रवासात भाजी निवडणाऱ्या भगिनी आपण पाहतोच. त्यांना 'स्वतःसाठी रोज एक तास काढा' असे सांगणे म्हणजे थट्टाच. कल्याणला उतरणाऱ्या बाईने 'जागा मिळाली तर ठाण्यानंतर हाताला काम नाही आणि मोबाइलही नाही' एवढे ठरवले तरी पुष्कळ झाले. (आणि भाजी निवडायला घरातली इतर मंडळी आहेत, हेही जाता जाता सांगून ठेवतो.)

संकल्प मोडण्याचे आणखी एक कारण आपल्या भाषेत दडलेले असते. 'जमलेच पाहिजे' असा हट्ट धरला की एक दिवस चुकताच सगळे फुकट गेले असे वाटते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचा रोख नेमका या 'च'वर आहे. कि. मो. फडके यांनी ती मराठी वाचकांपर्यंत पोचवली. 'जमले तर मला हवे आहे, एखादे दिवशी नाही जमले तर उद्या पुन्हा' असे म्हणणारा माणूस जास्त दिवस टिकतो. लंडनमध्ये ९६ जणांवर झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाच्या बाबतीत अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. मधला एखादा दिवस चुकल्याने विशेष बिघडले नाही. १ जानेवारीपासून ६६ दिवस मोजले तर मार्चचा पहिला आठवडा येतो. तेव्हा संक्रांतीलाच निकाल लावू नका. फडके रोडवर पाडव्याची शोभायात्रा निघेल त्या सुमारास हिशेब करावा.

मात्र प्रत्येक त्रास संकल्पाने सुटणारा नसतो. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास आहे, झोप उडाली आहे, कशातच रस वाटत नाही, जगणे नकोसे वाटते, अशा माणसाला 'मन घट्ट कर' म्हणणे म्हणजे तापाने फणफणलेल्याला 'ताप आणू नकोस' म्हणण्यासारखे आहे. त्याला डॉक्टरांकडेच न्यावे. जीव द्यावासा वाटतो असे तो बोलत असेल तर त्याच दिवशी न्यावे, एकटे सोडू नये. आपल्याकडे 'याला ठाण्याला पाठवा' अशी थट्टा पिढ्यान् पिढ्या चालत आली, कारण ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ पासूनचे. त्या थट्टेपायी कित्येक जण वेळेवर दार ठोठावत नाहीत. त्याच ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था सुरू केली. साध्या ताणतणावासाठीही तेथे जाता येते.

कोणाकडे जावे ते सुचत नसेल, तर १४४१६ हा सरकारच्या टेलिमानस सेवेचा क्रमांक आहे. ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. ती विनामूल्य असून चोवीस तास चालते आणि मराठीतून बोलता येते. घरातल्या कोणासाठी सल्ला हवा असेल तरीही फोन करता येतो.