पाठीमागून येणारं संगीत
लाइपझिगमध्ये काय बघायचं, असं विचाराल तर मी म्हणेन, आधी ऐका! तिथल्या सेंट थॉमस या लुथरन चर्चमध्ये बाख १७२३ पासून १७५० पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, संगीतप्रमुख होते. मुलांना गाणं शिकवायचं, रविवारच्या उपासनेसाठी संगीत तयार ठेवायचं, ही त्यांची नोकरी. १२१२ साली सुरू झालेला तिथला मुलांचा क्वायर आजही गातो. मी ऐकायला गेले, वेदीकडे तोंड करून बसले, आणि सूर आले मागच्या माडीवरून. गाणारे दिसतच नाहीत! मग लक्ष फक्त शब्दांकडे आणि सुरांकडे राहतं. वेदीजवळच बाखची कबर आहे. दर आठवड्याचं काम म्हणून लिहिलेलं संगीतही अभिजात ठरतं, हे मला तिथे पटलं.