पावणेनऊची हाक

हे बघ मनू, सकाळी ऑफिसचे चारही कॉम्प्युटर सुरू करायला सासऱ्यांना जिना चढायला लावतेस ना, ते आता पुरे कर. त्यांचे गुडघे बघ जरा. आणि ‘मग रात्रभर चालूच ठेवते’ असलं काही बोलू नकोस, विजेचं बिल शेवटी तुलाच भरायचंय. तुझ्या घरात राउटर तसाही चोवीस तास जागा असतो. हे काम त्याच्याकडे दे.

कॉम्प्युटर बंद केला तरी मागचं बटण चालू असेल, तर त्याचं नेटवर्क कार्ड अगदी थोड्या विजेवर कान देऊन असतं. ठरलेला संदेश आला की ते मशीनला उठवतं. एएमडी आणि एचपीने १९९५च्या सुमारास हा संदेश पुढे आणला, त्याला ‘मॅजिक पॅकेट’ म्हणतात. जादूबिदू काही नाही गं त्यात. आधी सहा वेळा एफएफ, मग त्या मशीनचा मॅक अॅड्रेस, म्हणजे त्याच्या नेटवर्क कार्डाचा स्वतःचा नंबर, सोळा वेळा, असे १०२ बाइट. आजी कशी अण्णाकाकांना नाव घेऊन घेऊन उठवायची? हाक सगळ्या घराला ऐकू जायची, उठायचे ते एकटे अण्णाकाका. तसंच.

आता राउटर. इंटरनेटवाला देतो त्या डब्यात ठरल्या वेळी अशी हाक मारायची सोय बहुधा नसते. त्याच्याशी झटापट करत बसू नकोस, ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरची मोकळी प्रणाली चालेल असा एखादा घे. पण आधी ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत मॉडेल बघ आणि मग पैसे मोज. त्यावर ‘इथरवेक’ नावाचं छोटंसं पॅकेज टाकायचं आणि वेळ ‘क्रॉन’मध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं करणाऱ्या वेळापत्रकात, लिहायची. मिनिट, तास, तारीख, महिना, वार, असे पाच रकाने असतात. ‘४५ ८ * * १-६’ म्हणजे सोमवार ते शनिवार पावणेनऊ. पुढे इथरवेकची आज्ञा आणि मॅक अॅड्रेस. एवढी एकच ओळ, एकेका मशीनला. चौघांनाही एकाच मिनिटाला मात्र उठवू नकोस. तुझा यूपीएस जुना आहे, प्रत्येकाला एकेक मिनिट मागेपुढे ठेव.

टाइमझोन आधी आशिया-कोलकाता कर हं. नव्या ओपनडब्ल्यूआरटीचं घड्याळ जागतिक वेळेवर असतं. ते तसंच राहिलं तर तुझी पावणेनऊची हाक दुपारी सव्वादोनला जाईल. शिवाय अशा बहुतेक राउटरांच्या घड्याळाला बॅटरी नसते. लाइट जाऊन आली की ते इंटरनेटवरून वेळ विचारून घेतात. तोवर हाकेची वेळ चुकू शकते, म्हणून राउटर आणि कॉम्प्युटरांच्या मधला स्विच, दोन्ही इन्व्हर्टरवर घे.

खरी डोकेदुखी राउटरकडे नाहीच, ती कॉम्प्युटरकडे आहे. लोक राउटरला शिव्या देत बसतात आणि इकडे मशीनच बहिरं असतं. बायोसमध्ये ‘वेक ऑन लॅन’ किंवा ‘पॉवर ऑन बाय पीसीआय-ई’ चालू कर. तिथेच ‘ईआरपी’ दिसेल. युरोपातल्या वीजबचतीच्या नियमांवरून आलेलं आहे ते. ते चालू असलं तर बंद मशीनची ती थोडीशी वीजही तुटते, म्हणून ते बंद ठेव. मग विंडोजमधलं ‘फास्ट स्टार्टअप’ काढून टाक. त्याने शटडाउन अर्धवटच होतं, आणि त्या अवस्थेतून पुष्कळ मशीनं हाकेला ओ देत नाहीत. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाला उठवायची परवानगी दे, आणि ‘फक्त मॅजिक पॅकेट’वर खूण कर, नाहीतर मध्यरात्री भलत्याच कशाने तरी जागं व्हायचं. केबल हवीच, वायफायच्या भरवशावर राहू नकोस. मशीन बंद केल्यावर मागच्या केबलच्या खाचेतला दिवा लागलेला दिसला की समज, कान बहुधा उघडे आहेत.

रात्री लाइट गेली तर काही कार्डं एकदा मशीन सुरू होईपर्यंत ऐकतच नाहीत. त्याला तोडगा म्हणून बायोसमध्ये वीज परत आली की आपोआप सुरू व्हायची सोय असते. मला विचारशील तर ती एकाच मशीनला ठेव, तुझा हिशोबाच्या टॅलीचा डेटा ज्यावर आहे त्याला.

आणि एक सांगते, हे निक्षून. कुणीतरी तुला म्हणेल, ‘ताई, राउटरचं नऊ नंबरचं पोर्ट बाहेरून उघडा, मग गावाहूनही मशीन चालू करता येईल.’ अजिबात नाही. या हाकेला साधारणपणे पासवर्डच नसतो. बाहेरून लागलंच तर राउटरवर वायरगार्ड नावाचं व्हीपीएन बसव, त्यातून घरात शिर आणि मग हाक मार.

संध्याकाळी मशीनं बंद करण्याचं काम मात्र माणसांकडेच राहू दे. टॅली उघडी टाकून ऑफिसातल्या मुली घरी जातात, आपोआप बंद केलंस तर कुणाची तरी नोंद अर्धवट राहायची. दिवाळीच्या सुट्टीतही क्रॉन बिचारा रोज हाका मारत राहील, तेव्हा त्या ओळींच्या आधी # टाकून ठेव.

शनिवारी मी येतेय. तोवर ‘आयपीकॉन्फिग’ला ‘/ऑल’ जोडून चालव आणि चारही मशीनचे केबलवाल्या कार्डाचे मॅक अॅड्रेस वहीत उतरव. वायफायचे नकोत, ते वेगळे असतात.