बालक व किशोरांतील विषाद आणि नैराश्यरोधी औषधे

रोग वाढविणाऱ्या कारणांत चरकाचार्यांनी विषादाला अग्रस्थान दिले आहे. वाताच्या नानात्मज विकारांतही त्याची गणना आहे. किशोरवयातील विषाद मात्र सहज ओळखू येत नाही. मूल उदास दिसण्यापेक्षा चिडखोर दिसते, अभ्यासात मागे पडते, आणि पोटदुखीच्या तक्रारीवर पाचक औषधासाठी आपल्याकडे आणले जाते. काही मुलांना मानसोपचारतज्ज्ञांच्या गोळ्या आधीच सुरू असतात. “ही गोळी थांबवून ब्राह्मी द्यावी का?” असे पालक विचारतात. उत्तर देण्यापूर्वी त्या गोळीविषयी नेमके ज्ञान असणे अगत्याचे आहे.

अमेरिकेत फ्लुऑक्झेटिनला आठ वर्षांपासूनच्या मुलांच्या नैराश्यासाठी २००३ मध्ये मान्यता मिळाली. एस्सिटॅलोप्रॅमला बारा वर्षांपासून, २००९ मध्ये. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ४३९ किशोरांच्या अभ्यासात बारा आठवड्यांनंतर केवळ फ्लुऑक्झेटिनने सुमारे ६१ टक्के, केवळ मानसोपचाराने ४३, तर दोन्ही मिळून ७१ टक्के मुले सुधारली. प्लासिबो गटातही ३५ टक्के सुधारली, हे विसरू नये. सत्त्वावजय चिकित्सेचे महत्त्व जाणणाऱ्या आपणांस यात नवल वाटू नये. सर्वच औषधे सारखी नाहीत. पॅरॉक्सेटिनच्या किशोरांवरील एका गाजलेल्या चाचणीचे २०१५ मध्ये फेरविश्लेषण झाले, तेव्हा ते प्लासिबोपेक्षा सरस ठरले नाही आणि अपाय अधिक आढळले.

२००४ मध्येच अमेरिकी प्रशासनाने वेष्टनावर ठळक इशारा सक्तीचा केला. २४ चाचण्यांतील ४४०० हून अधिक मुलांत आत्महत्येचे विचार वा तसे वर्तन औषधगटात सुमारे ४ टक्के, तर प्लासिबो गटात २ टक्के आढळले होते. त्या चाचण्यांत एकही आत्महत्या घडली नाही. इशाऱ्याची चर्चा करताना हा भाग बहुधा गाळला जातो. इशारा म्हणजे बंदी नव्हे. तो पहिले काही आठवडे आणि मात्राबदलाचा काळ यांवर बारीक लक्ष ठेवण्यास सांगतो. या काळात नवी अस्वस्थता, अनिद्रा वा उतावीळपणा दिसल्यास केवळ वातप्रकोप समजून निद्राकर कल्प देत बसू नये. मूळ चिकित्सकाला त्याच दिवशी कळवावे.

ब्राह्मी वा अश्वगंधा या गोळ्यांचा पर्याय म्हणून सिद्ध झालेल्या नाहीत. गोळी एकाएकी थांबविल्यास चक्कर, मळमळ, चिडचिड उद्भवते. पॅरॉक्सेटिनमध्ये हे विशेष. सर्पगंधेतील रेसर्पिन नैराश्य उत्पन्न करू शकते, म्हणून अशा मुलास सर्पगंधायुक्त कल्प निद्रेसाठीही देऊ नये. सेंट जॉन्स वर्टच्या कॅप्सूल या गोळ्यांसोबत घेतल्यास सेरोटोनिनचा घातक अतिरेक संभवतो. औषधविक्रेत्या बंधूंनी हे ध्यानी ठेवावे. ही औषधे चिठ्ठीविना द्यावयाची नाहीत. पण चिठ्ठीची मुदत संपली म्हणून मुलाला रिकाम्या हाती परत पाठवून स्वस्थ बसणेही धोक्याचे, तेव्हा चिकित्सकाला दूरध्वनी करावा.

पालकांना क्षणभर बाहेर बसवून मुलाला स्पष्ट विचारावे, “जीव द्यावा असे मनात येते का?” विचारल्याने तो विचार बळावत नाही. उत्तर होकारार्थी आले तर मुलास एकटे सोडू नये, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावे आणि घरातील गोळ्या व कीटकनाशके कुलुपात ठेवावयास सांगावे. टेली-मानसचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक २०२२ पासून उपलब्ध आहे. तो पालकांना कागदावर लिहून द्यावा.